उठताना भोवळ येते? झोपून आणि उभं राहून बीपी-नाडी मोजायची रीत

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात गेला की घरोघरी एक तक्रार सुरू होते. बाजेवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि "माले चक्कर यी राहिनी" म्हणत माणूस परत बसतो. घरचे धावपळ करून बीपीचं मशीन आणतात, बसल्या जागी पट्टा बांधतात, १२६/७८ येतं. मग सगळे सुटकेचा श्वास टाकतात: बीपी नॉर्मल आहे, ऊन लागलं असेल. आकडा खोटा नसतो, वेळ चुकलेली असते. उभं राहिल्यावर पडलेला दाब बसल्यावर अर्ध्या मिनिटात सावरू शकतो, आणि मशीन सावरलेला दाब दाखवतं.

म्हणून मोजायचं ते उभं असताना, आणि नुसता दाब नाही, नाडीसुद्धा. दाब किती पडला ते मशीन सांगतं. का पडला याचा माग नाडीवरून लागतो. त्यासाठी दाब आणि नाडीचं नातं आधी थोडं समजून घ्यावं लागेल.

दाब उतरला की ठोके का वाढतात

गळ्यात दोन्ही बाजूंना, जबड्याच्या कोनाच्या जरा खाली, मेंदूकडे जाणारी रोहिणी दोन फांद्यांत फुटते. त्या फाट्यापाशी तिच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. तसेच तंतू हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीतही असतात. आत दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि हे तंतू भराभर संदेश पाठवतात. दाब उतरला की संदेश विरळ होतात. गळ्यातले संदेश मेंदूपासून निघणाऱ्या नवव्या मज्जातंतूतून आणि महारोहिणीतले दहाव्यातून, म्हणजे व्हेगसमधून, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत पोचतात. तिथून परतीचे हुकूम सुटतात.

हुकूम दोन वाटांनी येतात. पहिली वाट व्हेगसचीच. तरुण माणसाचं हृदय कुणाच्याही नियंत्रणाविना सोडलं तर मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. आरामात ७० पडतात ते व्हेगसने ब्रेक लावून ठेवल्यामुळे. उभं राहिल्यावर सगळ्यांत आधी हा ब्रेक सुटतो, आणि त्याचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो. दुसरी वाट सिम्पथेटिक मज्जातंतूंची. ती काही सेकंद उशिरा जागी होते, पण काम मोठं करते: हृदयाचा जोर वाढवते आणि पाय-पोटातल्या रक्तवाहिन्या आवळते.

हे दुसरं काम लोक विसरतात. ठिबकच्या मेन लाइनचं प्रेशर उतरलं तर मोटारीचा जोर वाढवता येतो किंवा काही व्हॉल्व्ह बंद करता येतात. शरीर दोन्ही करतं, पण खरा भार व्हॉल्व्हवर टाकतं. ठोके कमी ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असलेले बहुतेक लोक उभं राहून नीट वावरतात, ते यामुळेच. नाडी वाढणं हा दाब टिकवायचा एक भाग झाला. आपल्यासाठी मात्र तो मोलाचा, कारण रक्तवाहिनी आवळलेली बोटाला कळत नाही, नाडी कळते.

नाडी आणि दाब उलट दिशेने चालतात हे फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८५९ मध्येच मांडलं होतं. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत काउली आणि गायटन यांच्या गटाने कुत्र्यांमध्ये हे ताण-तंतू तोडून पाहिले. दिवसभराची दाबाची सरासरी फारशी हलली नाही, पण दाब क्षणोक्षणी भलताच वर-खाली होऊ लागला. म्हणजे ही यंत्रणा हेलकावे आवरायला आहे. दाबाची कायमची पातळी ठरवण्यात मोठा वाटा मूत्रपिंडांचा.

त्यातूनच आणखी एक गोष्ट निघते. दाब एक-दोन दिवस चढाच राहिला तर तंतू त्या चढ्या दाबालाच नेहमीचा मानायला लागतात. वर्षानुवर्षं १७०-१८० वर असलेल्या माणसाची नाडी म्हणूनच मंद नसते, आणि त्याचा दाब दोन दिवसांत १२० वर ओढला तर आकडा चांगला दिसूनही त्याला गरगरतं. दाब हळूहळू उतरवतात तो याचसाठी.

काय लागेल

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन, सेकंद दाखवणारं घड्याळ, कागद-पेन, सपाट बाज किंवा दिवाण, आणि मदतीला एक माणूस. पडू लागला तर सावरायला मागे भिंत आणि शेजारी खुर्ची हवी. मनगटाचं मशीन या कामाला नको. हात थोडा वर-खाली झाला की त्याचा आकडा बदलतो.

पट्टा मापाचा आहे का ते पाहा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. त्यावर छापलेलंच असतं. ३५ सेंटिमीटरच्या दंडाला तो ओढून बांधला तर दाब खोटा जास्त येतो. वाळलेल्या म्हातारीच्या १९ सेंटिमीटरच्या दंडाला गुंडाळला तर खोटा कमी.

तपासणीआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू, मशेरी काही नको. लघवी करून यायचं. पहिली तपासणी सकाळी, गोळ्या आणि न्याहारीच्या आधी करा. चक्कर ठरावीक वेळीच येत असेल, म्हणजे गोळी घेतल्यावर दोन तासांनी किंवा जेवल्यावर, तर दुसरी तपासणी नेमकी त्या वेळी करा. चक्कर दुपारी येते आणि मोजमाप सकाळचंच, असं केलं तर हाती काही लागत नाही.

तपासणी

१. माणसाला सपाट झोपवा, डोक्याखाली फार तर पातळ उशी. पाच मिनिटं पूर्ण. या वेळात गप्पा नकोत, फोन नको. "नाना, बरं वाटतंय का?" असं विचारलं आणि नाना सांगायला लागले की आकडा वर जातो.

२. हात शरीराशेजारी, तळवा वर. बाज खोलगट असेल तर दंडाखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. पट्टा कोपराच्या वळणापासून दोन बोटं वर, उघड्या दंडावर. मशीन चालवा, एक मिनिट थांबा, पुन्हा चालवा. दोन्ही आकडे लिहा, हिशेबाला दुसरा धरा. मशीन नाडीही दाखवतं, तरी एकदा बोटांनी मोजाच: अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवून ३० सेकंद, गुणिले दोन. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्यात आपलेच ठोके जाणवतात. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर पूर्ण ६० सेकंद मोजा आणि "अनियमित" असं लिहून ठेवा. तसं असेल तर पुढचे नाडीचे बरेच निष्कर्ष लागू पडत नाहीत.

३. पट्टा तसाच बांधलेला ठेवून माणसाला उभं करा. मध्ये बसवून रेंगाळू नका, पण झटकाही नको. तीन ते पाच सेकंदांत पाय जमिनीवर टेकून सरळ. पाय जमिनीला लागले की घड्याळ सुरू.

४. पहिली ३० सेकंदं मशीनला हात लावू नका. बोटं नाडीवर ठेवा. निरोगी माणसात पहिल्या दहा-बारा सेकंदांत ठोके जवळजवळ येतात आणि बोटाखाली बारीक लागतात. पंधरा-वीस सेकंदांच्या पुढे ते पुन्हा भरदार होतात आणि थोडे संथावतात. आधी दाब उतरला, ब्रेक सुटला, मग रक्तवाहिन्या आवळल्या, दाब परत चढला आणि ब्रेक पुन्हा अर्धवट लागला, एवढी सगळी घडामोड त्या अर्ध्या मिनिटात होते. इस्पितळात हीच गोष्ट ईसीजीवर मोजतात: उभं राहिल्यानंतरच्या तिसाव्या ठोक्याजवळचं दोन ठोक्यांमधलं अंतर भागिले पंधराव्याजवळचं. हे गुणोत्तर १.०४ किंवा जास्त असेल तर ठीक. १ किंवा कमी आलं तर व्हेगसची वाट बिघडली आहे. घरी आकडा काढता येत नाही, पण ठोके दाटले की नाही आणि मग सैल झाले की नाही एवढं बोटांना कळतं.

५. साधारण ४० व्या सेकंदाला मशीनचं बटण दाबा. मशीनला अर्धं-पाऊण मिनिट लागतं, म्हणजे आकडा पहिल्या मिनिटाच्या आसपासचा होतो. पुन्हा २ मिनिटं ४० सेकंदांना दाबा. तो तिसऱ्या मिनिटाचा. दोन्ही वेळा नाडी लिहा.

६. माणसाने पाय हलवायचे नाहीत, जागच्या जागी पावलं टाकायची नाहीत. पोटऱ्या हलल्या की खाली साचलेलं रक्त वर ढकललं जातं आणि पडणारा दाब झाकला जातो.

सगळ्यांत जास्त चुका हात कसा धरला इथे होतात. उभ्या माणसाने हात खाली सोडला की पट्टा हृदयाच्या पातळीखाली जातो. दर १० सेंटिमीटरला दाब ७ ते ८ ने जास्त दिसतो, आणि खरोखर २२ ने पडलेला दाब १४ ने पडल्यासारखा वाटून तपासणी "नॉर्मल" ठरते. मदतनीसाने कोपराखाली हात देऊन दंड पुढे धरावा, पट्टा छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याला येईल इतका. रुग्णाने स्वतः हात उचलून धरायचा नाही; स्नायू ताणले की दाब वाढतो.

अंधारी आली, ओठ पांढरे पडले, घाम फुटला, बोलण्यात तुटकपणा आला तर तिथेच थांबवायचं आणि झोपवायचं. किती सेकंदांना काय झालं ते लिहा. उभं राहवलं नाही हाही निकालच आहे. छातीत दुखत असेल, ताजा मार लागला असेल, उलटीतून किंवा शौचातून रक्त जात असेल तर ही तपासणी करत बसू नका, गाडी बोलवा.

ज्यांना झोपून एकदम उभं करणं धोक्याचं वाटतं त्यांना खुर्चीत पाच मिनिटं बसवून मग उभं करा. त्यात फरक कमी पडतो, म्हणून मर्यादाही वेगळी धरतात: वरचा आकडा १५ ने किंवा खालचा ७ ने उतरला तरी तो मोठा मानायचा.

आकडे कसे वाचायचे

झोपून उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. निरोगी प्रौढात तरीही वरचा दाब जेमतेम थोडा उतरतो, खालचा किंचित चढतो आणि नाडी १० ते १५ ने वाढते. उदाहरण: झोपून १२८/७६, नाडी ७२, उभं राहून पहिल्या मिनिटाला १२२/८०, नाडी ८४. इथे काळजीचं काही नाही.

तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा जास्त, अथवा खालचा १० किंवा जास्त उतरला तर तो दोष धरतात. झोपलेला दाबच खूप चढा असेल तर वरच्या आकड्याची मर्यादा ३० धरतात. इथपर्यंत आल्यावर लगेच नाडीकडे बघायचं.

समजा झोपून ११८/७०, नाडी ८८, आणि उभं राहून ९४/६४, नाडी ११८. दाब २४ ने उतरला, नाडी ३० ने चढली. यंत्रणा जिवाच्या आकांताने काम करते आहे, कमतरता नळ्यांतल्या मालाची आहे: जुलाब, उलट्या, घामातून गेलेलं पाणी-मीठ, लघवी वाढवणारी गोळी, किंवा कुठेतरी रक्तस्राव. उन्हाळ्यात खान्देशात पहिला संशय पाण्यावर जातो आणि बहुधा बरोबर ठरतो. पण शौचाचा रंग डांबरासारखा काळा आहे का, हे विचारल्याशिवाय ओआरएस देऊन मोकळं होऊ नका. सांधेदुखीसाठी गोळ्या खाणाऱ्यांत पोटातून रक्त जाण्याचं प्रमाण कमी नाही.

आता दुसरा आकडा. झोपून १५६/८४, नाडी ७८. उभं राहून ११८/६८, नाडी ८२. दाब ३८ ने कोसळला आणि नाडी चारच ठोके हलली. ताण-तंतूंनी आरडाओरडा केला तरी हुकूम हृदयापर्यंत पोचला नाही. पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह, पार्किन्सन अशा आजारांत मज्जातंतू झिजले की असं होतं. इथे एक सोपा भागाकार उपयोगी पडतो: तिसऱ्या मिनिटाला नाडी जितकी वाढली तिला वरचा दाब जितका उतरला त्याने भागा. ४ भागिले ३८ म्हणजे ०.१. उत्तर ०.५ पेक्षा कमी आलं तर दोष मज्जातंतूंत असण्याची शक्यता मोठी. आधीच्या उदाहरणात ३० भागिले २४ म्हणजे १.२५ आलं होतं. हा भागाकार दाब खरोखर २० ने उतरला असेल तेव्हाच करायचा. बीटा ब्लॉकर चालू असेल, पेसमेकर असेल किंवा नाडी अनियमित असेल तर तो करूच नका. वयानेही नाडीची उसळी कमी होते, म्हणून पंच्याहत्तरीच्या माणसात ०.४ आलं की लगेच शिक्का मारू नये.

अशा माणसांचं एक दुखणं वेगळंच असतं. उभं राहिल्यावर दाब ११०, आणि रात्री झोपल्यावर १७०. सकाळचा झोपलेला दाब बघून गोळी वाढवली की तो दुपारी पडतो.

तिसरा प्रकार तरुण मुलामुलींत दिसतो: झोपून ११४/७२, नाडी ७४, उभं राहून ११२/७६, नाडी ११०. दाब जागच्या जागी, नाडी मात्र ३६ ने वर. ताप, रक्त कमी असणं, पाणी कमी पिणं, थायरॉइड हे आधी तपासायचं. ते नसेल, उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० ने (१२ ते १९ वयात ४० ने) वाढत असेल आणि त्रास महिनोन्महिने चालला असेल, तर त्या दुखण्याचा वेगळा विचार डॉक्टर करतात. एकदाच मोजून मुलीला "टेन्शन आहे" म्हणणं सोपं असतं. बरोबर असेलच असं नाही.

चौथा प्रकार मशीनला दिसतच नाही. पहिल्या १५ सेकंदांत वरचा दाब ४० पेक्षा जास्त पडतो आणि अर्ध्या मिनिटात सावरतो. अंधारी येते ती तेवढ्याच वेळात. उकिडवं बसून उठताना हे जास्त जाणवतं, कारण उकिडवं बसल्यावर पायांच्या वाहिन्या दाबलेल्या असतात आणि उठल्याबरोबर त्या एकदम उघडतात. कपाशीच्या निंदणीत ओळ संपल्यावर उठणारी बाई, पहाटे भारतीय बैठकीच्या संडासातून उठणारे म्हातारे, दोघांचंही कारण हेच. संडासात भिंतीला पक्का दांडा बसवला तर ते पडणं टळतं.

तीन मिनिटं सगळं ठीक आणि तक्रार मात्र पाचव्या-सातव्या मिनिटाची असेल तर मदतनीस शेजारी ठेवून दहा मिनिटांपर्यंत दर दोन मिनिटांनी मोजा. काहींचा दाब उशिराच उतरतो.

गोळ्यांची यादी हाताशी ठेवूनच निकाल वाचा

मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकर गोळ्या नाडीची उसळी दाबतात. १४०/८०, नाडी ५८ वरून ११८/७२, नाडी ६२ आलं तर दोष मज्जातंतूंचा की गोळीचा, हे या तपासणीतून कळणार नाही. डिल्टियाझेम, व्हेरापामिल यांचंही तसंच. काचबिंदूचे टिमोलॉल थेंब डोळ्यांतून रक्तात जाऊन नाडी मंदावतात, आणि "कोणत्या गोळ्या घेता?" या प्रश्नाला उत्तर देताना थेंबांची आठवण कुणालाच होत नाही. बीटा ब्लॉकर मनाने एकदम बंद करू नका. दाब आणि ठोके उसळी मारतात.

वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्यांचं उलट असतं. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, दाबासाठीची प्राझोसिन, छातीदुखीत जिभेखाली ठेवायची नायट्रेट. प्राझोसिनचा पहिला डोस रात्री झोपताना देतात तो यामुळेच. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची जुनी सवय अजून काही ठिकाणी दिसते. दाब झपकन पडतो, नाडी त्यावर उसळते आणि आधीच अरुंद झालेल्या हृदयाच्या वाहिन्यांवर ताण येतो. ते करू नये. अॅम्लोडिपिन सावकाश चढते, त्यामुळे तिच्यात ही उसळी बरीच कमी. लघवी वाढवणाऱ्या क्लोरथॅलिडोन, टॉरसेमाइड आणि मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन या पाणी काढतात. चैत्र-वैशाखात यांचा डोस तोच ठेवायचा का, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा.

नियम मोडणारे आकडे

दाब उतरला तर नाडी वाढायला हवी आणि दाब चढला तर मंदावायला हवी. तसं झालं नाही की सावध व्हायचं.

दाब आणि नाडी दोन्ही एकदम पडणं, उदाहरणार्थ ८०/५०, नाडी ४६, चेहरा पांढराफटक, घाम. इंजेक्शन पाहून, उन्हात रांगेत उभं राहून, तीव्र वेदनेने येणारी साधी मूर्च्छा अशीच असते. झोपवून पाय वर उचलले की मिनिटा-दोन मिनिटांत माणूस सावरतो. सावरला नाही, किंवा छातीत, जबड्यात, पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल, तर हृदयविकाराचा झटका धरून चाला. फवारणी करून आलेल्या माणसाची नाडी मंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, अंगाला घाम असेल तर ते कीटकनाशक आहे. आधी स्वतःच्या हातात हातमोजे चढवा, त्याचे कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा आणि कीटकनाशकाचा डबा सोबत द्या.

डोक्याला मार लागलेला, गुंगीत जाणारा माणूस, दाब १९०/१०० आणि नाडी ४८: कवटीत दाब वाढल्याची ही खूण. "बीपी वाढलंय" म्हणून त्याला दाबाची गोळी कधीही देऊ नका. मेंदूपर्यंत रक्त पोचवायला शरीराने मुद्दाम चढवलेला दाब असतो तो.

रोजच्या कामाचं

उठायच्या आधी झोपल्या झोपल्या पावलं वर-खाली वीस-तीस वेळा हलवा, मग कडेला पाय सोडून एक मिनिट बसा, मग उठा. उभं असताना गरगरलं तर पायावर पाय आडवा टाकून मांड्या आणि नितंब अर्धा मिनिट घट्ट आवळा. मुठी आवळल्यानेही मदत होते. ते जमत नसेल तर खाली बसा. लाज वाटते म्हणून उभं राहू नका.

मज्जातंतूंचा दोष असलेल्यांना अर्धा लिटर पाणी पाच मिनिटांत पिऊन टाकण्याचा चांगला उपयोग होतो. दाब काही मिनिटांत चढू लागतो आणि तासभर आधार राहतो. सकाळी उठायच्या आधी बाजेशेजारी तांब्या भरून ठेवा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल त्यांनी मात्र हे विचारल्याशिवाय करू नये. रात्री झोपलेला दाब चढा असणाऱ्यांच्या बाजेचे डोक्याकडचे पाय दोन-तीन विटांवर चढवावेत, म्हणजे ६ ते ९ इंच. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, मान तेवढी वाकते.

जेवण हा वेगळा विषय. पोट भरल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं, आणि थकलेली यंत्रणा ते भरून काढू शकत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे आणि आमरस पोटभर झाल्यावर पाटावरून उठणाऱ्या आजोबांना अर्ध्या-एक तासात घेरी येते ती यामुळे. दोन तासांपर्यंत धोका असतो. थोडं थोडं चार वेळा खाणं, गोड आणि भात कमी करणं, जेवल्यावर तासभर आडवं न होता टेकून बसणं. दाबाची गोळी जेवणाला चिकटून घ्यायची की नाही, तेही विचारून घ्या.

गळ्यातली शीर दाबून नाडी कमी करायचा व्हिडिओ कुणी पाठवला तर तो तिथेच पुसा. ताण-तंतू दाबले की मेंदूला दाब खूप वाढल्याचा खोटा निरोप जातो. वयस्क माणसात हृदय काही सेकंद थांबू शकतं, आणि रोहिणीच्या भिंतीवरचा चरबीचा कपचा सुटून लकवाही होऊ शकतो. इस्पितळात डॉक्टर ते ईसीजी लावून, आधी दोन्ही शिरा तपासून आणि एका वेळी एकाच बाजूला करतात. दाढी करताना, घट्ट कॉलरमुळे किंवा मान वळवल्यावर ज्यांना चक्कर येते त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

कागदावर तारीख, वेळ, शेवटची गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, झोपलेले दोन आकडे, उभ्याचे दोन आकडे, प्रत्येकासमोर नाडी आणि त्या वेळी काय वाटलं, एवढं एका ओळीत लिहा. तीन वेगवेगळ्या दिवसांच्या तीन ओळी घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टर लांब असतील तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला दाखवा. गोळी बदलली किंवा डोस वाढवला की आठवड्याने पुन्हा मोजा, आणि होळी झाल्यावर ऊन तापायला लागलं की एकदा, आधी त्रास नसला तरी.